दूरची दुर्बीण आणि मुलाचा प्रश्न

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्ण महोत्सव म्हणजे संस्थेच्या वाटचालीचा हिशेब मांडण्याचा मंगल प्रसंग. या प्रसंगाला आकाशातलाही एक साक्षीदार लाभला आहे. पुनर्वसू नक्षत्रातील दोन ठळक ताऱ्यांपैकी कॅस्टर हा तारा पृथ्वीपासून सुमारे पन्नास प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर अंतर कापतो. त्या वेगानेही तेथून येथवर येण्यास त्याला अर्धे शतक लागते. या संस्थेचा पाया रचला जात होता, त्या सुमारास कॅस्टरवरून निघालेला प्रकाश आज पृथ्वीवर पोहोचत आहे. एवढी एकच गोष्ट आठ-दहा वर्षांच्या मुलाला सांगितली, तर ते क्षणभर गप्प होते आणि मग हमखास म्हणते, “तो तारा कुठे आहे? दाखवा ना!”

आजच्या विषयाचे मर्म ‘दाखवा ना’ या दोन शब्दांत आहे. लहान मुलाची ही मागणी पुरी करण्याचे एक नवे साधन गेल्या तीस-बत्तीस वर्षांत जगाला मिळाले आहे. ते साधन म्हणजे दूर देशीच्या डोंगरावर उभी असलेली आणि घरबसल्या वापरता येणारी दुर्बीण. हे साधन कसे चालते, ते मुलांच्या हाती कसे द्यावे आणि देताना वडीलधाऱ्यांनी कोणते पथ्य पाळावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आकाश हरवलेली पिढी

पूर्वी उन्हाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर अंथरुणे पडत. आजी-आजोबांच्या शेजारी पडल्या पडल्या मुलांना सप्तर्षी, ध्रुव, मृग, व्याध यांची ओळख होई. वसिष्ठाच्या शेजारची बारीकशी अरुंधती कोणाला दिसते, यावर पैजा लागत. त्यासाठी शाळा लागत नव्हती, पुस्तक लागत नव्हते. आज शहरांतील व तालुक्यांच्या गावांतील रस्त्यांवरचे दिवे, दुकानांच्या पाट्या आणि इमारतींचे झोत यांनी रात्रीचे आकाश राखाडी करून टाकले आहे. आकाशगंगेचा पांढरा पट्टा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली मुले शहरात क्वचितच सापडतील. आठही ग्रहांची नावे क्रमाने घडाघडा म्हणणारे मूल, आज संध्याकाळी त्यांपैकी कोणता ग्रह दिसतो आहे असे विचारले की गोंधळून जाते. नाव ठाऊक आहे, पण ओळख नाही, अशी ही अवस्था आहे.

आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात आणि ते फार मोलाचे आहेत. तथापि त्यांनाही मर्यादा आहेत. पावसाळ्याचे चार महिने आकाश ढगांनी झाकलेले असते. काळोख्या माळरानावर जायचे तर रात्र जागवावी लागते, वाहन लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा असते. सात-आठ वर्षांच्या मुलाला, विशेषतः मुलीला, रात्री गावाबाहेर पाठवायला पालक सहसा धजावत नाहीत. शिवाय एका दुर्बिणीमागे पन्नास-साठ मुलांची रांग लागली, की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिनिट येतो. मागच्याचा धक्का लागतो आणि “दिसले का?” या प्रश्नाला मूल भीतीपोटी “हो” म्हणून मोकळे होते.

दुरून चालणारी दुर्बीण

या अडचणींवर शिक्षक आणि शास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय म्हणजे दूरस्थ दुर्बीण. तिची रचना समजायला अवघड नाही. कोरड्या हवेच्या, काळोख्या डोंगरावर एक दुर्बीण असते. जेथे डोळा लावायचा तेथे कॅमेरा बसवलेला असतो. दुर्बीण वळवण्यासाठी मोटारी असतात, छत उघडझाप करण्याची यंत्रणा असते, पाऊस-वारा ओळखणारी उपकरणे असतात आणि या सर्वांवर देखरेख करणारा संगणक असतो. तो संगणक इंटरनेटने जगाशी जोडलेला असतो. एखाद्या वर्गातील मुलांनी ‘अमुक ताऱ्याचे चित्र हवे’ अशी विनंती पाठवली, की संगणक ती नोंदवून घेतो. रात्र होताच तो दुर्बीण त्या दिशेला वळवतो, चित्र टिपतो आणि मुलांकडे पाठवून देतो.

या कल्पनेला शाळांसाठी प्रत्यक्ष रूप आले ते १९९३ च्या सुमारास. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील माउंट विल्सन या डोंगरावरच्या २४ इंची दुर्बिणीला दूरच्या वर्गांतील विद्यार्थी संगणकावरून आज्ञा देऊ लागले. हा तोच डोंगर, जेथे १९२३ साली एडविन हबल यांनी देवयानी दीर्घिकेतील एक तारा हेरला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र तारकानगरी असल्याचे सिद्ध होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच काळात इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठाने यॉर्कशायरच्या माळावर एक स्वयंचलित दुर्बीण उभारली. तेथील पावसाळी हवेमुळे पुढे हा उपक्रम कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ या बेटावर गेला आणि प्राथमिक शाळांतील असंख्य मुलांनी त्याचा लाभ घेतला.

लहान मुलांच्या दृष्टीने सर्वांत सोपी व्यवस्था हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्राने १९९० च्या दशकात उभी केली. तिचे नाव ‘मायक्रोऑब्झर्व्हेटरी’. या दुर्बिणींच्या आरशाचा व्यास अवघा सहा इंच, म्हणजे एखाद्या लहान ताटलीएवढा आहे. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातील व्हिपल वेधशाळेच्या परिसरात त्या बसवलेल्या आहेत. चित्र मागण्यासाठी पैसे पडत नाहीत. यादीतून वस्तू निवडायची, कॅमेऱ्याने किती सेकंद प्रकाश साठवायचा ते ठरवायचे, कोणत्या रंगाची काच पुढे धरायची ते सांगायचे आणि ई-मेलचा पत्ता द्यायचा. रात्र उलटली की चित्र टपालात हजर! लहान मुलांच्या बाबतीत हा पत्ता पालकांचा किंवा शिक्षकांचा असावा, हे सांगणे न लगे.

याहून मोठ्या दुर्बिणीही मुलांसाठी खुल्या झाल्या. कॅनरी बेटांतील ला पाल्मा बेटावर दोन मीटर व्यासाची लिव्हरपूल दुर्बीण आहे. तिच्या वेळेतील काही वाटा शाळांसाठी राखून ठेवलेला आहे. डिल फॉक्स या इंग्रज दानशूर गृहस्थांच्या देणगीतून हवाई बेटांतील हालेआकाला या पर्वतावर आणि ऑस्ट्रेलियातील साइडिंग स्प्रिंग येथे दोन मीटर व्यासाच्या दोन दुर्बिणी खास शिक्षणाचा हेतू धरून उभ्या राहिल्या. २००५ मध्ये त्या लास कुम्ब्रेस वेधशाळेच्या जाळ्यात सामील झाल्या. या जाळ्यातील दुर्बिणी आज हवाई, टेक्सास, चिली, टेनेरिफ, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया अशा पृथ्वीभर पसरलेल्या ठिकाणी आहेत. कोठे ना कोठे रात्र असतेच, त्यामुळे या जाळ्याला दिवस उजाडत नाही असे म्हटले तरी चालेल.

येथे महाराष्ट्राच्या दृष्टीने एक आनंदाची गोष्ट नोंदवली पाहिजे. लिव्हरपूल दुर्बीण आणि फॉक्स यांच्या दोन दुर्बिणी इंग्लंडमधील ज्या कारखान्यात घडल्या, त्याच कारखान्यात घडलेली दोन मीटर व्यासाची आणखी एक दुर्बीण पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवली येथे उभी आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेची ही दुर्बीण २००६ मध्ये कार्यान्वित झाली. ती संशोधकांच्या कामासाठी आहे. परंतु हवाईच्या डोंगरावरून आलेले चित्र पाहणाऱ्या मुलाला तिची सख्खी बहीण पुणे जिल्ह्यात आहे असे सांगितले, तर ती परक्यांची जादू राहत नाही.

दिवसाच्या वर्गात रात्रीचे आकाश

दूरस्थ दुर्बिणीचा पहिला धडा ताऱ्यांचा नसून पृथ्वीचा असतो. महाराष्ट्रातील वर्गात सकाळचे दहा वाजलेले असतात, तेव्हा अॅरिझोनात आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. येथे दुपारचा एक वाजतो, तेव्हा हवाई बेटांवर आदल्या रात्रीचे साडेनऊ. मूल पाढे म्हणत असते किंवा डबा खात असते, नेमक्या त्याच वेळी त्याच्यासाठी एक दुर्बीण काळोखात हळूहळू वळत असते. “इथे सोमवार आणि तिथे अजून रविवार, असे कसे?” हा प्रश्न वर्गात उमटतोच. भिंतीवरचा नकाशा जे वर्षभर समजावू शकत नाही, ते एक चेंडू आणि एक विजेरी घेऊन पाच मिनिटांत समजते, कारण आता मुलाला ते समजून घेण्याची गरज पडलेली असते.

पावसाळ्यातही हे साधन उपयोगी पडते. जुलै-ऑगस्टमध्ये अॅरिझोनातही मोसमी पाऊस पडतो, हे ऐकून मुलांना गंमत वाटते. त्या दिवसांत ज्यांना ऑस्ट्रेलियातील दुर्बीण उपलब्ध होते, त्यांच्या शाळेत दुपारचे चार वाजले असता साइडिंग स्प्रिंगला हिवाळ्यातील रात्रीचे साडेआठ झालेले असतात. दक्षिण गोलार्धातून मॅगेलनचे मेघ दिसतात, जे महाराष्ट्रातून जवळजवळ दिसत नाहीत. पृथ्वीच्या पाठीवर जागा बदलली की आकाशही बदलते, हे ज्ञान मग पुस्तकी राहत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. येथून हवाईला आज्ञा पोहोचण्यास एक सेकंदही लागत नाही. ज्या देवयानी दीर्घिकेचे चित्र मागितले, तिचा प्रकाश मात्र सुमारे पंचवीस लाख वर्षे प्रवास करून त्या आरशावर पडलेला असतो. मागणी क्षणात पोहोचते, पण जे मागितले ते लक्षावधी वर्षांपूर्वीच निघालेले असते.

गुरूचे चार चंद्र

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू या. कारण साधनाची खरी परीक्षा उपयोगात होते.

सुमारे तेरा महिन्यांतून एकदा गुरू हा ग्रह सूर्याच्या बरोबर समोर येतो आणि त्यानंतरचे काही महिने तो संध्याकाळी आकाशात ठळकपणे दिसतो. शहराच्या दिव्यांतही तो लपत नाही. तारे लुकलुकतात, गुरू स्थिर तेजाने तळपतो. प्रथम मुलांनी तो आठवडाभर नुसत्या डोळ्यांनी गच्चीवरून पाहावा. त्याच्याभोवती काही दिसते का, हे वहीत लिहावे. अर्थात काहीच दिसत नाही. मग सांगावे, की दुर्बिणीतून त्याच्याभोवती चार चंद्र दिसतात, असे पुस्तकात लिहिले आहे. ते खरे आहे का, हे पाहायचे. चित्र येण्याआधी प्रत्येक मुलाने आपल्या कल्पनेप्रमाणे गुरू आणि त्याचे चंद्र वहीत काढून ठेवावेत. बहुतेक मुले मध्ये गुरू आणि चारही बाजूंना चार चंद्र काढतील.

मग चित्राची विनंती पाठवावी आणि थांबावे. दुसऱ्या दिवशी चित्र येते. चंद्र चारही बाजूंना नसून एकाच सरळ रेषेत, माळेतल्या मण्यांसारखे असतात. मुलांना हे अनपेक्षित असते. कधी ठिपके तीनच दिसतात. “पुस्तकात चार आहेत, मग चौथा कुठे गेला?” हाच तो सुवर्णक्षण. या क्षणी मोठ्यांनी उत्तर सांगून टाकण्याचा मोह आवरला पाहिजे. मुलांना म्हणावे, “उद्या पुन्हा मागवू, परवाही मागवू.” सलग चार-पाच रात्रींची चित्रे एकाखाली एक चिकटवली, की मुलांच्या ध्यानात येते, की ठिपके जागा बदलतात. एक ठिपका फार चपळ आहे, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे; दुसरा अगदी सावकाश सरकतो. चपळ तो आयो. त्याला गुरूभोवती एक फेरी घालायला सुमारे साडेबेचाळीस तास लागतात. सावकाश तो कॅलिस्टो. त्याची एक फेरी जवळजवळ सतरा दिवसांची. नाहीसा झालेला चंद्र गुरूच्या मागे किंवा पुढे गेलेला असतो, हे एखादे मूल आपणहून सुचवते. मग एका मुलाला मध्ये उभे करून दुसऱ्याला त्याच्याभोवती फिरवावे आणि बाकीच्यांनी दूर बसून पाहावे. रेषा का दिसते आणि चंद्र का लपतो, दोन्हींचा उलगडा होतो.

गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी प्रथम गुरूकडे दुर्बीण वळवली, तेव्हा त्यालाही तीनच ठिपके दिसले होते. चौथा दिसला तो १३ जानेवारीला. हे शेवटी, मुलांचे निरीक्षण पूर्ण झाल्यावर, सांगावे. आधी सांगितले तर ती एक ऐकलेली माहिती ठरते. नंतर सांगितले, तर चारशे वर्षांपूर्वीचा तो माणूस मुलांना आपल्याच वर्गातला वाटू लागतो.

चुकलेले चित्र आणि खरे रंग

मुलाने मागवलेले चित्र दर वेळी चांगले येईलच असे नाही, आणि हे या साधनाचे वैगुण्य नसून गुण आहे. चंद्रासाठी प्रकाश साठवण्याचा अवधी फार मोठा ठरवला, तर नुसता पांढरा गोळा येतो. मृग नक्षत्रातील तेजोमेघासाठी तो फार थोडा ठरवला, तर जवळजवळ काळा कागद येतो. कधी डोंगरावर ढग आलेले असतात आणि काहीच येत नाही. बटण दाबताच सर्व काही मिळण्याची सवय झालेल्या मुलांना येथे प्रथमच कळते, की निसर्ग कोणाच्या सोयीने चालत नाही. चित्र फसले, म्हणजे मूल नापास झाले असे नव्हे. “का फसले असेल? पुढच्या वेळी काय बदलू या?” एवढे दोन प्रश्न विचारले, की ते चित्र वाया जात नाही.

दुसरी बाब सत्याची आहे. या दुर्बिणींचे कॅमेरे टिपतात ती चित्रे मुळात काळी-पांढरी असतात. लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून घेतलेली तीन चित्रे संगणकावर एकत्र केली, की रंगीत चित्र तयार होते. मुलांनी हे स्वतः करून पाहावे. त्यासाठीची साधी संगणक-प्रणाली विनामूल्य मिळते. असे केल्यावर छापील पुस्तकांतील झगमगीत रंगांकडे मूल डोळसपणे पाहू लागते. मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे आणि त्यांच्याखाली अंधूक ढगासारखा दिसणारा तेजोमेघ सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर आहे. तो डोळ्यांना फिकट का दिसतो आणि चित्रात गुलाबी का, याचे उत्तर देताना ‘कॅमेरा खोटे बोलतो’ असे सांगू नये आणि ‘तेथे तसेच रंग दिसतात’ असेही सांगू नये. डोळा प्रकाश साठवू शकत नाही, कॅमेरा मिनिटभर साठवतो. जे आहे ते, जसे आहे तसे सांगावे. लहान वयात मिळालेला प्रामाणिकपणाचा हा संस्कार विज्ञानापुरता मर्यादित राहत नाही.

दोन मोह

प्रत्येक चांगल्या साधनाबरोबर काही मोह येतात. या साधनाबरोबर दोन येतात.

पहिला मोह चित्रे गोळा करण्याचा. संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक सुंदर चित्रे दाखवली, मुलांनी “वा!” म्हटले आणि तास संपला, असे झाले तर दूरस्थ दुर्बीण ही आणखी एक करमणूक ठरते. पडद्यासमोर बसण्याच्या वेळेत तेवढी भर पडते. सुंदर चित्रे तर अवकाशातील हबल दुर्बिणीने हजारो दिली आहेत. ती पाहण्यासाठी मुलाने विनंती पाठवून रात्रभर थांबण्याचे कारण नाही. सहा इंची दुर्बिणीचे धूसर चित्र मोलाचे ठरते, ते मुलाने स्वतः प्रश्न विचारून मागितलेले असते म्हणून.

दुसरा मोह प्रमाणपत्राचा. माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी लघुग्रह शोधण्याच्या आंतरराष्ट्रीय मोहिमा २००६ पासून चालतात. मोठ्या दुर्बिणीने थोड्या थोड्या वेळाने घेतलेली आकाशाच्या एकाच तुकड्याची चित्रे विद्यार्थ्यांना दिली जातात. त्यांत जागा बदलणारा ठिपका त्यांनी शोधायचा असतो. भारतातील अनेक विद्यार्थी यात भाग घेतात. २०२० साली सुरतेतील दहावीच्या दोन विद्यार्थिनींनी हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या चित्रांत असा एक ठिपका हेरला, तेव्हा त्यांचे देशभर कौतुक झाले. ते योग्यच होते. परंतु अशा ठिपक्याची कक्षा निश्चित होऊन त्याला कायमचा क्रमांक मिळण्यास पुढे कित्येक वर्षे लागतात, हे कौतुकाच्या भरात सांगायचे राहून जाते. प्राथमिक शाळेतील मुलांना तर असल्या स्पर्धेत लोटूच नये. दिवाणखान्यात टांगलेल्या प्रमाणपत्रापेक्षा चुरगळलेल्या वहीत काढलेल्या गुरूच्या चार चंद्रांचे मोल अधिक आहे, हे पालकांनी मनाशी पक्के धरावे.

या संदर्भात कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची एक पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. जगन्मान्य शास्त्रज्ञ, आयुकाचे संस्थापक संचालक आणि मराठीतील लोकप्रिय विज्ञानलेखक म्हणून मुले त्यांच्याभोवती स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. स्वाक्षरी देण्याऐवजी ते मुलांना सांगत, की विज्ञानातील एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, त्याचे उत्तर स्वाक्षरीसह मिळेल. स्वाक्षरी हवी असेल तर आधी विचार करून प्रश्न शोधणे आले. मूल त्यासाठी चार दिवस डोके खाजवी आणि उत्तर येईपर्यंत टपालवाल्याची वाट पाही. दूरस्थ दुर्बीण वापरण्याची रीत याहून वेगळी असू नये. आधी मुलाचा प्रश्न, मग विनंती, मग प्रतीक्षा आणि शेवटी चित्र. हा क्रम उलटला, की साधन तेच राहते आणि शिक्षण हरवते.

काय करता येईल?

हे सर्व करण्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक संगणक, इंटरनेट, आठवड्यातून एक तास देणारी एक प्रौढ व्यक्ती आणि आठ-दहा मुले पुरेशी आहेत. ती प्रौढ व्यक्ती खगोलशास्त्राची जाणकार असावी असेही नाही. “मलाही ठाऊक नाही, आपण शोधू या,” असे मोकळेपणाने म्हणता येणे, एवढीच तिची पात्रता.

आरंभी महिनाभर संगणक उघडूच नये. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून चंद्र पाहावा आणि त्याचा आकार व जागा वहीत काढावी. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे मुलांना आपोआप कळते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांत संध्याकाळचा हा वेळ मोकळाच असतो. त्यातील दहा मिनिटे गच्चीला द्यावीत. दिवसा मात्र सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी, आणि दुर्बिणीतून तर मुळीच, पाहायचे नाही, हे पहिल्याच दिवशी बजावावे.

दुसऱ्या महिन्यात प्रत्येक मुलाने एक प्रश्न लिहावा. चंद्रावरचे खड्डे रोज सारखेच दिसतात का? कृत्तिकांमध्ये डोळ्यांना सहा तारे दिसतात, दुर्बिणीला किती दिसतील? गुरूचा चौथा चंद्र कोठे जातो? प्रश्न साधाच असावा, पण मुलाचा स्वतःचा असावा. वहीच्या पानावर चार रकाने आखावेत: काय विचारले, काय दिसेल असे वाटले, प्रत्यक्षात काय दिसले आणि आता नवे काय विचारावेसे वाटते. यांतील दुसरा रकाना कधीही कोरा राहू देऊ नये. आपला अंदाज लिहून ठेवणे आणि तो चुकला तर हसतमुखाने मान्य करणे, ही शिस्त वैज्ञानिकालाही आयुष्यभर पाळावी लागते.

तिसऱ्या महिन्यात विनंत्या पाठवाव्यात, चित्रे मोजावीत, एकत्र जोडावीत. शेवटी मुलांनी आजी-आजोबांना बोलावून आपली वही दाखवावी. बहुधा त्या दिवशी उलट घडेल. चित्र पाहता पाहता आजोबांना अंगणातले आकाश आठवेल आणि मृगाची, व्याधाची, बाणाची गोष्ट ते नातवंडांना सांगू लागतील. संगणकाने जे तोडले असे वाटत होते, ते संगणकाच्याच निमित्ताने पुन्हा जोडले जाईल.

बंधू-भगिनींनो, दुर्बीण कितीही मोठी असो, ती कोठे वळवायची हे कोणीतरी ठरवावे लागते. आजवर ते मोजके शास्त्रज्ञ ठरवीत. आता गावातील आठ वर्षांची मुलगी आपल्या वर्गात बसून ते ठरवू शकते. तिच्यासाठी हजारो मैलांवर एक छत उघडते, एक आरसा वळतो. त्या वेळी तिच्याजवळ स्वतःचा प्रश्न असावा, एवढी जबाबदारी पालकांची, शिक्षकांची आणि समाजातील प्रत्येक वडीलधाऱ्याची आहे. मुलांच्या प्रश्नांना “गप्प बस” हे उत्तर ज्या घरात मिळत नाही, त्या घरात दुर्बीण नसली तरी चालते.

संस्थेची पुढील पन्नास वर्षे अशा प्रश्न विचारणाऱ्या बालकांनी गजबजलेली असोत, ही मंगल कामना.